पर्यावरणाचा उद्योग करायचा तर कोणाचे काम पाहावे?

आपण विचारले आहे की, पर्यावरणाशी निगडित सामाजिक उद्योग सांगली भागात सुरू करायचा असेल, तर कोणाच्या कामाचा अभ्यास करावा. मी डॉ. आनंद कर्वे यांचे नाव सुचवेन. इरावती कर्वे यांचे हे चिरंजीव वनस्पतिशास्त्रज्ञ. १९९६ साली त्यांनी ‘आरती’ ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था स्थापन केली आणि तिचे बरेच काम आमच्या फलटण भागात झाले.

आमच्या घरी ऊस आहे. तोड झाली की वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना जाते. पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, मात्र जनावर खात नाही आणि ते लवकर कुजतही नाही, म्हणून संध्याकाळी फड पेटवला जातो आणि सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर काळी कुसळे पडलेली दिसतात. हेक्टरी सुमारे दहा टन निघणारे हे पाचट कर्व्यांनी कच्चा माल मानले. बंद डब्यांत पाचट भरून ते भट्टीत तापवायचे. हवा न मिळाल्याने ते जळून राख न होता त्याचा कोळसा होतो आणि त्यातून सुटणारा वायू भट्टीतच जळून पुढची उष्णता पुरवतो. मग कोळशाच्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडायच्या आणि उन्हात वाळवायच्या. या कामाला २००२ साली शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. २००६ साली दुसऱ्यांदा मिळाला, तो खरकटे व पिठूळ पदार्थांवर चालणाऱ्या घरगुती बायोगॅस संयंत्रासाठी.

मला स्वतःला पुरस्कारांपेक्षा एक साधी गोष्ट मोलाची वाटते. पाचट हलके आणि फोफसे असल्याने ते लांब वाहून नेणे परवडत नाही. म्हणून भट्टीच फडापाशी नेता येईल अशी असावी लागते आणि ती गावातल्याच माणसाला चालवता यावी लागते. आता अनेक शेतकरी खोडव्यात, म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसात, पाचट सरीत दाबून कुजवतात, आणि जमिनीसाठी तेच उत्तम आहे. कोळशाचा विचार जिथे रान मोकळे करायचे असते आणि पाचट एरवी पेटवलेच जाणार असते तिथे करावा.

तेव्हा भट्टी घेण्याआधी, येत्या हंगामात तोड झालेल्या एका एकरातले पाचट प्रत्यक्ष गोळा करून तोलावे, त्याची मजुरी लिहून ठेवावी आणि जवळच्या खानावळी, इस्त्रीवाले व लोहार यांना कांडी कोळसा कोणत्या भावाने परवडेल, हे विचारून यावे.