थंडीत घरचा स्विमिंग टँक बंद करायचा का? आधी हिशोब बघा

नमस्कार दादा,

तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. कागल रोडला बंगला, मागं 20 बाय 10 फुटी टँक, खोली 4 फूट. डिसेंबर-जानेवारीत पोरं पाण्यात उतरत नाहीत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय आत्ता रिकामा करून बंद करू, मार्चमध्ये घासून भरून देतो, सगळे मिळून 38 हजार. दुसरा म्हणतोय 2 लाख 40 हजारांचा हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी गरम करणारं मशीन) बसवा आणि बारा महिने पोहा. उसाचं पहिलं बिल येणार आहे, त्यातून यातलं काय करू, हा तुमचा प्रश्न.

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. टँक चालू ठेवा, फक्त कमी चालवा.

थंडीत टँक बंद करायची पद्धत आली बर्फ पडणाऱ्या देशांतून. तिथं पाइपात पाणी गोठतं, गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं आणि पाइप, फिल्टर, पंप सगळं फोडतं, म्हणून ते लोक लाइनी रिकाम्या करतात आणि वरून कव्हर घालतात. आपल्याकडं कडाक्याची थंडी म्हणजे पहाटे 13-14 डिग्री आणि दुपारी परत 28-29, म्हणजे ज्या नुकसानीपासून वाचायला हा खर्च करायचा ते नुकसान कोल्हापुरात होतच नाही.

उलट रिकामा केला तर नवीन नुकसान दारात येतं. पावसाळा संपून दोन-तीन महिनेच झालेले असतात, जमिनीत पाणी वर असतं, आणि आतल्या पाण्याचं वजन गेलं की बाहेरचं पाणी टँकला खालून ढकलतं. माझ्या एका क्लायंटनं नोव्हेंबरात असाच रिकामा केला, तळाच्या टाइल्स उचलल्या, आणि दुरुस्तीसाठी पोराच्या फीची एफडी मोडावी लागली. ते मला अजून लागतं, कारण त्यांनी आधी विचारलं असतं तर मी थांबवलं असतं. शिवाय मार्चमध्ये भरायला तुमच्या मापाला साधारण 22-23 हजार लिटर पाणी लागणार, म्हणजे 10 हजार लिटरचे दोन टँकर आणि वर थोडं, आणि तेही विहिरी-बोअर खाली जायला लागलेल्या दिवसांत.

आता चालू ठेवायचा खर्च. 1 एचपीचा पंप तासाला 1 युनिट धरा. उन्हाळ्यात 8 तास चालवता तो रोज 3 तास चालवा, 100 दिवसांचे 300 युनिट. महावितरणच्या बिलात 100, 300, 500 असे टप्पे आहेत आणि टँकची युनिट वरच्या टप्प्यात पडतात, म्हणून मी 15 रुपये धरतो, झाले 4,500. क्लोरीन गार पाण्यात कमी खपतं, तुमच्या उन्हाळी खर्चाच्या निम्मं धरलं तर 4 हजारांच्या आसपास. आठवड्यातून एकदा माणूस 500 रुपयांनी, 14 आठवड्यांचे 7 हजार. एकूण साडेपंधरा हजार. म्हणजे 38 हजारांसमोर साडेबावीस हजार वाचले आणि मार्चमध्ये टँक तयारच. पण पंप पूर्ण बंद करून पाणी तसंच सोडायचं हे मात्र अजिबात चालणार नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. आणि वर तरंगणारं बबल कव्हर टाकलंत तर घरात लहान पोर आहे हे विसरू नका, त्या कव्हरवर पाय पडला तर पोर खाली जातं आणि वरून दिसतही नाही. आधी कुंपण आणि कडी, मग कव्हर.

हीट पंपचं बघा. 10 वर्षं टिकला तर वर्षाला 24 हजार झीज, आणि हेच पैसे साडेसहा टक्क्यांनी एफडीत असते तर पहिल्या वर्षी 15,600 व्याज. झाले 39,600, लाईट बिल वेगळंच. तुमच्या पाण्याला 1 डिग्री वर न्यायला सुमारे 26 युनिटची उष्णता लागते, हीट पंप ते 5-6 युनिटमध्ये करतो हे खरं, पण रात्री उघड्या टँकमधून ती निघून जाते आणि सकाळी परत सुरुवात. पोरं रविवारीच उतरणार असतील तर थंडीतले दहा रविवार धरा, एका रविवारचे जवळजवळ 4 हजार पडले. एवढ्यात नको वाटतं मला.

पैसे टँकसाठीच घालायचे असतील तर छतावर 3 किलोवॅटचं सोलर बघा. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती कनेक्शनला 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी आहे, दिवसाला साधारण 12 युनिट येतात, आणि पंप दुपारी चालवला की टँकची वीज त्यातच भागते. थंडी गेली तरी घरचं बिल कमीच राहतं.

उसाचं बिल आलं की पहिलं पीककर्ज, मग पोरांची फी. वाचलेल्या साडेबावीस हजारांचं टँकच्या नावानं वेगळं खातं काढा, त्यात महिन्याला 2 हजार आरडी लावा, कारण कधी ना कधी मोटर जळणार, फिल्टरची वाळू बदलावी लागणार, आणि तेव्हा कुणाकडं हात पसरायला नको.

मागच्या 12 महिन्यांची लाईट बिलं फोटो काढून पाठवा, सोलरचा आकडा मी नीट करून देतो. तोवर कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स देऊ नका.