तपासणीचा कोड आणि बिलाचा कोड

प्रश्न : आमच्या रेडिओलॉजी विभागाची तपासण्यांची यादी वर्षानुवर्षे वाढत गेली असून एकच तपासणी तीत अनेक नावांनी आली आहे. आता नवी संगणकप्रणाली बसवायची असल्याने ही यादी एखाद्या प्रमाणित संज्ञावलीशी (ठरावीक नावे आणि त्यांचे कोड यांच्या यादीशी) जोडावी, असे ठरले आहे. लोइंक, रॅडलेक्स, स्नोमेड सीटी आणि सीपीटी ही चार नावे पुढे आली आहेत. त्यांपैकी कोणती निवडावी? बिलासाठी सीपीटीचे कोड आमच्याकडे आहेतच. तेच सगळीकडे वापरले तर काय बिघडेल?

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक विभागांची गाडी तिथेच अडते. सीपीटी ही अमेरिकन मेडिकल असोसिएशनची संज्ञावली असून कोणत्या सेवेचे पैसे कसे मागायचे, हा तिच्यामागचा प्रश्न आहे. त्या प्रश्नाला ती चोख उत्तर देते. मात्र तंत्रज्ञाने यंत्रावर नेमके काय करायचे, हे सांगणे तिचे कामच नाही. उदाहरणार्थ, 71275 हा कोड छातीच्या सीटी अँजिओग्राफीचा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटी तपासणीचा आहे. फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी आहे का हे पाहायचे असो किंवा महाधमनीचा थर फाटला आहे का हे पाहायचे असो, बिलावर हाच कोड लागतो. प्रत्यक्षात पहिल्या तपासणीत कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचलेले द्रव्य) फुफ्फुसाच्या धमनीत भरलेला असताना चित्रे घ्यावी लागतात आणि दुसरीत तो काही सेकंदांनी महाधमनीत पोहोचल्यावर. कामाच्या यादीवर केवळ हा कोड दिसला, तर तंत्रज्ञाला दूरध्वनी करून विचारावेच लागेल, आणि त्याने विचारले नाही तर चूक कोणाची म्हणायची? शिवाय बिलाचे कोड बिलाच्या गरजेप्रमाणे बदलतात. छातीच्या साध्या क्ष-किरण तपासणीचे 71010 आणि 71020 हे जुने कोड 2018 मध्ये रद्द होऊन त्यांच्या जागी 71045 ते 71048 ही मालिका आली. क्ष-किरण काढण्याची पद्धत मात्र होती तशीच राहिली.

लोइंक की रॅडलेक्स, हा पेच आता फारसा उरलेला नाही. लोइंकची सुरुवात 1994 मध्ये रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमध्ये प्रयोगशाळेतील तपासण्यांसाठी झाली. रॅडलेक्स ही उत्तर अमेरिकेतील रेडिओलॉजी सोसायटीची संज्ञावली आणि तपासण्यांच्या नावांसाठी तिचे वेगळे प्लेबुक, म्हणजे प्रमाण नावांची यादी, होते. दोन्ही संस्थांनी मिळून तपासण्यांच्या नावांचे एकच संयुक्त प्लेबुक तयार केले असून त्यातील कोड लोइंकचे आहेत. तपासणीचे नाव त्यात घटकांतून जुळवले जाते : यंत्राचा प्रकार, शरीराचा भाग, बाजू, कॉन्ट्रास्ट, दृश्यांची संख्या इत्यादी. वर सांगितलेल्या दोन अँजिओग्राफींना तिथे दोन वेगळे कोड मिळतात. लोइंक वापरण्यास शुल्क नाही, हीही जमेची बाजू.

स्नोमेड सीटीचा आवाका याहून कितीतरी मोठा आहे. निदान, लक्षणे, शरीररचना, शस्त्रक्रिया असे सगळेच तीत येते. (नावातील ‘सीटी’चा स्कॅनशी संबंध नाही; ते ‘क्लिनिकल टर्म्स’चे लघुरूप आहे, आणि बैठकांमध्ये त्यावरून हमखास गोंधळ होतो.) रुग्णाची संपूर्ण नोंदच स्नोमेडमध्ये ठेवली जात असेल आणि आपला देश स्नोमेड इंटरनॅशनलचा सदस्य असेल, तर तपासण्यांसाठीही तीच निवडणे योग्य ठरू शकते. तसे नसेल, तर केवळ इमेजिंगच्या यादीसाठी एवढा पसारा मांडू नये, असे माझे मत आहे.

म्हणून माझा सल्ला असा की आपली स्थानिक यादी ठेवावी, तिच्यातील प्रत्येक तपासणीला एक लोइंक कोड जोडावा आणि सीपीटीसाठी शेजारी वेगळा रकाना ठेवावा. एका तपासणीला दोन बिल-कोड किंवा दोन तपासण्यांना एकच बिल-कोड येणे यात काहीही वावगे नाही. मात्र जोडणीला हात घालण्यापूर्वी यादी साफ करावी लागेल, आणि खरा वेळ तिथेच जाईल. आपल्या यादीत ‘सीटी ब्रेन प्लेन’, ‘एनसीसीटी हेड’ आणि ‘सीटी स्कल विदाउट कॉन्ट्रास्ट’ अशा तीन ओळी असण्याची दाट शक्यता आहे. पहिल्या दोन बहुधा एकच, म्हणजे कॉन्ट्रास्टशिवाय डोक्याची सीटी, आहेत आणि त्यांना 30799-1 हा लोइंक कोड चालेल. तिसरी कदाचित कवटीच्या हाडांसाठी वेगळ्या पद्धतीने केली जात असेल. हे नावावरून कळत नाही, तंत्रज्ञाला विचारावे लागते. या तीन ओळींचे कोड वेगळेच राहिले, तर पॅक्समध्ये (चित्रे साठवणाऱ्या आणि दाखवणाऱ्या प्रणालीत) जुनी तपासणी तुलनेसाठी आपोआप पुढे येईल याची खात्री राहत नाही, आणि अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांना ती शोधत बसावे लागते.

प्रश्न : डॉक्टरांनी कॉन्ट्रास्टसह तपासणी मागितली, पण मूत्रपिंडाच्या अहवालामुळे ती कॉन्ट्रास्टशिवाय केली, तर कोड कोणता लावावा?

उत्तर : दोन्ही. मागितलेल्या आणि प्रत्यक्ष केलेल्या तपासणीसाठी डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या मानकात वेगवेगळ्या जागा आहेत. मागणीचा कोड आहे तसा ठेवावा, केलेल्या तपासणीचा कोड बदलावा आणि अहवालाचे शीर्षक व बिल या केलेल्या तपासणीच्या कोडवरून तयार व्हावे. कोड लिहिताना कोडचे मूल्य, संज्ञावलीची खूण आणि वाचता येईल असा अर्थ हे तिन्ही भाग भरावेत. नुसता आकडा पाठवला, तर तो लोइंकचा की आपल्या स्थानिक यादीचा, हे समोरच्या प्रणालीला कळण्याचा मार्ग नसतो.