प्रेसवाले फाइलमध्ये ‘ब्लीड’ मागतात, ते नेमकं काय आणि कसं द्यायचं?

तुम्ही लिहिलंय की वाचनालयाच्या स्मरणिकेचं ए-५ मुखपृष्ठ कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपमध्ये केलं, प्रेसने ‘ब्लीड नाही’ म्हणून परत पाठवलं. मग पान चारी बाजूंनी ३ मिलिमीटर वाढवून दिलं, तरी उत्तर तेच. प्रेसचं बरोबर आहे. तुम्ही जागा वाढवलीत, पण रंग त्या जागेत गेलाच नाही. निळी पार्श्वभूमी जुन्या कडेलाच थांबली आणि भोवती पांढरी पट्टी राहिली.

माझे वडील शिंपी होते. ब्लाउज बेतताना मापापेक्षा बोटभर कापड जास्त धरायचे. त्याला ते ‘माया’ म्हणायचे. ब्लीड ही छपाईतली माया आहे, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवून छापलेला रंग किंवा चित्र. शिवणीतली माया आत दडून राहते, ही मात्र कापून टाकण्यासाठीच असते. आणि माया त्याच कापडाची हवी, कोऱ्या कागदाची चालत नाही.

कटिंग मशीन एकदा उभं राहून बघाच. छापलेल्या कागदांचा गठ्ठा ठोकून सरळ करतात, वरून दाब बसतो आणि पातं उतरतं. ते उतरताना कागद किंचित ओढले जातात, त्यामुळे वरचा कागद खुणेवर कापला गेला तरी तळचा अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतो. छापतानाही प्रत्येक शीट तसूभर मागेपुढे बसते. पावसाळ्यात कागद ओल धरून फुगतो, ते वेगळंच. रंग नेमका कापायच्या रेषेवर संपत असेल, तर यातल्या कशानेही कडेला पांढरा केस दिसतो. गडद रंगावर तो लांबूनही दिसतो.

मी कामाला लागले त्या वर्षी एका शाळेच्या अंकाचं मुखपृष्ठ असंच गेलं. गर्द जांभळा रंग, हजार प्रती, ब्लीड शून्य. पहिला गठ्ठा कापून झाला आणि कटरवाल्या काकांनी तळाची प्रत काढून न बोलता माझ्या हातात दिली. उजव्या कडेला दोऱ्याएवढी पांढरी रेघ. मग सगळ्या प्रती २ मिलिमीटर आत कापाव्या लागल्या आणि खाली छापलेली देणगीदारांची नावं अगदी काठावर येऊन टेकली. तेव्हापासून फाइल आली की मी आधी कडा बघते.

आता तुमचं काम. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ मिळून उघडं पान म्हणजे आडवा ए-४, २९७ बाय २१० मिलिमीटर. ब्लीड धरून ३०३ बाय २१६. मधे घडी येते, तिथे कापत नाहीत, म्हणून तिथे ब्लीड लागत नाही.

कॅनव्हात पान २९७ बाय २१० च ठेवा. फाइल मेनूत सेटिंग्जखाली ‘शो प्रिंट ब्लीड’ सुरू करा, पानाभोवती तुटक रेषेची पट्टी दिसेल. पार्श्वभूमी आणि कडेला टेकलेलं प्रत्येक चित्र त्या पट्टीच्या बाहेरच्या टोकापर्यंत ओढा. उतरवताना ‘पीडीएफ प्रिंट’ निवडून ‘क्रॉप मार्क्स अँड ब्लीड’वर टिक करा. ही टिक करायची राहिली तर सगळी मेहनत फाइलच्या बाहेरच राहते.

पुढे कधी इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरकडे वळलात तर नवीन फाइल करतानाच ब्लीडच्या चारही रकान्यांत ३ मिलिमीटर भरा. पानाबाहेर लाल रेष येते, रंग तिथपर्यंत न्यायचा. पीडीएफ काढताना ‘यूज डॉक्युमेंट ब्लीड सेटिंग्ज’ निवडा. तिथे कापायच्या खुणांचं अंतर मुळात ६ पॉइंट असतं, म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर, त्यामुळे खुणा ब्लीडमध्ये घुसतात. ते अंतर ३ मिलिमीटर करा. फोटोशॉपमध्ये असा वेगळा रकाना नसतो, कॅनव्हासच मोठा घ्यायचा: इंचाला ३०० पिक्सेल या रिझोल्यूशनला ३५७९ बाय २५५१ पिक्सेल.

खरी अडचण फोटोची. वाचनालयाच्या इमारतीचा फोटो वरपासून खालपर्यंत पान भरून आहे असं तुम्ही म्हणता. तो एकाच दिशेने ताणू नका, खांब फुगलेले दिसतील. दोन्ही बाजूंनी प्रमाणात साधारण ३ टक्के मोठा करा, एवढी वाढ डोळ्याला कळत नाही. मोठा करून कळस किंवा पाटी कापली जात असेल, तर आभाळाची किंवा अंगणाची कडेची पट्टी कॉपी करा, आरशातल्यासारखी उलटवा आणि बाहेर जोडा. ती बहुतेक कापलीच जाणार असल्याने जोड कुणाला दिसत नाही.

अक्षरं मात्र उलट दिशेला, आत. नाव, वर्ष, बोधचिन्ह कापायच्या रेषेपासून निदान ५ मिलिमीटर आत. तुम्ही काठालगत सोनेरी चौकट काढली आहे, ती माझं ऐकाल तर काढून टाका. एक मिलिमीटर सरकलं की चौकट एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक दिसते आणि सगळं पान तिरकं वाटतं. लग्नपत्रिकांमध्ये हे मी फार वेळा बघते. ठेवायचीच असेल तर ८-१० मिलिमीटर आत घ्या, म्हणजे फरक जाणवत नाही.

पाठवण्याआधी पीडीएफ उघडून कोपरे मोठे करून बघा. कापायच्या खुणांची टोकं मनात जोडा. त्या रेषेच्या बाहेर चारी बाजूंना निळा रंग किंवा फोटो दिसायला हवा. एखाद्या कोपऱ्यातही पांढरं दिसलं तर त्या कोपऱ्यापासून पुन्हा सुरुवात करा. आणि प्रेसला फोन करून विचारा, ३ पुरेत की ५ हवेत. काही प्रेस ५ मागतात, आकडा त्यांचाच धरा.