ओरखडा पडल्यानंतर मुलामा काय करतो?

प्रश्न : जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्यावर ओरखडा पडला तरी तो लगेच गंजत नाही, निकेलचा मुलामा दिलेल्या नळीवर मात्र टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातूनही गंज फुटतो. असे का? आणि अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, तर त्याच्या मिश्रधातूंना लेप कशासाठी देतात?

उत्तर : मुलामा म्हणजे हवा आणि पाणी अडवणारी भिंत, ही समजूत चुकीची नसली तरी अपुरी आहे, कारण कोणताही लेप कधी ना कधी फुटतोच आणि त्याची खरी परीक्षा त्यानंतरच होते. ओलाव्यात दोन धातू एकमेकांना टेकलेले असले की त्यांचा इवलासा विद्युतघट तयार होतो व त्यांपैकी अधिक क्रियाशील धातू झिजतो. धातू किती क्रियाशील आहे हे त्याच्या प्रमाण विभवावरून (ठरावीक परिस्थितीत मोजलेल्या विद्युतदाबावरून) कळते; ते जितके अधिक ऋण, तितका धातू अधिक क्रियाशील. जस्ताचे हे विभव -0.76 व्होल्ट, तर लोखंडाचे -0.44 व्होल्ट आहे. म्हणून ओरखड्यापाशी जस्त स्वतः झिजते आणि उघडे पडलेले पोलाद वाचते. (सुमारे 60 अंश सेल्सिअसहून गरम पाण्यात मात्र काही वेळा हे नाते उलटते.) निकेलचे विभव -0.25 व्होल्ट असल्याने तेथे पोलादच झिजते, आणि छिद्राभोवतीचा निकेलचा विस्तीर्ण पृष्ठभाग सारी झीज त्या एका ठिपक्यात एकवटतो. असा सच्छिद्र मुलामा देण्यापेक्षा तो न दिलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अ‍ॅल्युमिनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर आपोआप तयार होतो. परंतु ड्युरॅल्युमिनसारख्या मिश्रधातूत बळकटीसाठी सुमारे 4 टक्के तांबे असते, त्यामुळे पृष्ठभागावर तांबेयुक्त कणांभोवती वर सांगितलेलेच घट तयार होतात आणि खारट ओलाव्यात धातूला खड्डे पडतात. विमानांसाठीच्या पत्र्यांवर म्हणूनच जवळजवळ शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. तो आतल्या मिश्रधातूसाठी जस्ताप्रमाणेच स्वतः झिजतो. अ‍ॅनोडायझिंगमध्ये वस्तूलाच धनाग्र (विद्युतघटाचे धन टोक) करून सल्फ्युरिक आम्लात तिचा ऑक्साइड साधारणपणे 5 ते 25 मायक्रॉनपर्यंत वाढवतात आणि त्यातील सूक्ष्म छिद्रे उकळत्या पाण्याने बंद करतात. क्रोमेटचा (क्रोमियमच्या संयुगाचा) लेप ओरखडा स्वतःच भरून काढतो, पण त्यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने त्याचा वापर कमी केला जात आहे, आणि ते योग्यच आहे.

पोलादावर जस्तयुक्त प्रायमर लावायचा असल्यास आधीचा गंज पूर्णपणे काढावा. जस्ताचे कण एकमेकांना आणि पोलादाला टेकलेले असले तरच वर सांगितलेला घट पूर्ण होतो. मधे गंजाचा थर राहिला, तर तो प्रायमर केवळ रंग म्हणून उरतो.