वाचकांचे प्रश्न : गरोदर किशोरी आणि सरकारी साहाय्य

प्रश्न : मी समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. गरोदर किशोरवयीन मुलींसाठी असलेल्या सरकारी साहाय्याविषयी पुस्तकांत योजनांच्या याद्या भरपूर आहेत, पण अशी मुलगी समोर येऊन बसल्यावर नेमके काय करायचे, हे त्यांतून कळत नाही. अर्ज भरून देणे एवढेच समाजकार्यकर्तीचे काम आहे का?

उत्तर : अर्ज भरणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे, अवघड भाग त्याच्या आधी आणि नंतर येतो. साहाय्याच्या बहुतेक योजना स्वतःच्या सहीने व्यवहार करू शकणारी प्रौढ व्यक्ती आणि तिच्यावर अवलंबून असलेले मूल, अशी दोनच माणसे डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात. गरोदर किशोरी एकाच वेळी दोन्ही असते. होणाऱ्या बाळाची आई म्हणून ती मदतीस पात्र ठरते, पण अल्पवयीन म्हणून तिच्या सहीला किंमत नसते. शिवाय आईवडील तिच्यासाठी काहीही करत नसले तरी त्यांचे उत्पन्न पुष्कळदा तिच्या अर्जात मोजले जाते. या दोन नियमांच्या मध्ये अडकलेल्या मुलीची बाजू मांडणे हे समाजकार्यकर्तीचे खरे काम आहे, असे मी मानते.

पहिली भेट तिच्या एकटीशी व्हायला हवी. सोबत आलेली आई कितीही मायेची असली आणि सोबतचा तरुण कितीही काळजीत दिसला, तरी त्यांना काही वेळ बाहेर बसवावे, कारण हे गरोदरपण बळजबरीतून आले आहे का, घरी परत जाणे सुरक्षित आहे का, या प्रश्नांची खरी उत्तरे इतरांसमोर मिळत नाहीत. मात्र तिने बोलायला सुरुवात करण्यापूर्वीच, आपण काय गुप्त ठेवू शकतो आणि काय कायद्याने कळवावेच लागते, हे तिला साध्या शब्दांत सांगितले पाहिजे. बालकांवरील अत्याचाराची माहिती यंत्रणेला कळवणे अनेक देशांत व्यावसायिकांवर बंधनकारक आहे, आणि काही ठिकाणी अल्पवयीन मुलीचे गरोदरपण हीच तशी माहिती मानली जाते. विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिला पुढे चौकशी अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकावी लागली, तर ती पुन्हा कोणत्याही कार्यालयाची पायरी चढणार नाही, आणि त्याबद्दल तिला दोष देता येणार नाही.

त्यानंतर निर्णयाचा विषय येतो. बाळ जन्माला घालून स्वतः वाढवणे, ते कायदेशीररीत्या दत्तक देणे, किंवा कायदा परवानगी देत असेल तेथे गर्भपात करणे, हे सारे मार्ग तिच्यापुढे सारख्याच स्वरात मांडावेत. आपला कल आवाजातूनही कळता कामा नये. विचार करायला तिला वेळ द्यावा, पण कायद्याच्या मुदती तिच्यासाठी थांबत नाहीत, म्हणून त्यांच्या तारखा तिला कागदावर लिहून द्याव्यात. निर्णय काहीही होवो, वैद्यकीय तपासणी मात्र त्यासाठी अडवून ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांच्या तुलनेत १० ते १९ वयोगटातील मातांना गरोदरपणातील झटके आणि प्रसूतीनंतरचा गर्भाशयाचा जंतुसंसर्ग यांचा धोका अधिक असतो, आणि त्यांच्या बाळांमध्ये कमी वजनाचे व मुदतीपूर्वी जन्मण्याचे प्रमाणही अधिक असते. लवकर आणि नियमित तपासणी झाली तर यातील बराच धोका वेळीच ओळखता येतो. दुर्दैवाने भीतीमुळे आणि लाजेमुळे याच मुली सर्वांत उशिरा दवाखान्यात पोहोचतात.

पैसा आणि निवारा यांविषयी अमेरिकेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. गरीब घरांतील मुलांसाठी १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने सुरू झालेले रोख साहाय्य १९९६ मध्ये बदलण्यात आले, आणि नव्या कायद्याने १८ वर्षांखालील अविवाहित मातांवर दोन अटी घातल्या : त्यांनी पालकांच्या किंवा अन्य प्रौढांच्या देखरेखीखाली राहावे, आणि शालेय शिक्षण अपुरे असेल तर, बाळ १२ आठवड्यांचे झाल्यावर शिक्षण किंवा प्रशिक्षण चालू ठेवावे. वरवर पाहता या अटी मुलीच्या हिताच्या वाटतात. पण ज्या घरात तिला मारहाण झाली किंवा जेथे तिचा लैंगिक छळ झाला, तेच घर मदतीची अट ठरले तर काय करायचे? त्या कायद्यात यासाठी अपवाद आहे. घरात राहणे धोक्याचे असेल किंवा पालक तिला ठेवून घेत नसतील, तर तिची देखरेखीखालील दुसरी व्यवस्था मान्य करता येते. मात्र हा अपवाद खिडकीवरचा कर्मचारी आपणहून सांगेलच असे नाही, आणि धास्तावलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी तो मागून घेऊ शकत नाही. तेथे तिच्यासोबत जाऊन, नियमाचे कलम दाखवून, डॉक्टरांचा किंवा शिक्षकांचा दाखला जोडून तो मिळवून देणारे माणूस लागते.

नकार मिळाल्यावर तर या कामाची खरी कसोटी लागते. तोंडी नकार कधीही स्वीकारू नये. कारण आणि तारीख यांसह तो लेखी मागावा, अपिलाची मुदत विचारावी आणि चालू असलेली मदत अपिलाच्या काळात चालू ठेवण्याची विनंती त्याच वेळी करावी. गोल्डबर्ग विरुद्ध केली या १९७० च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, उदरनिर्वाहाचे साहाय्य बंद करण्यापूर्वी लाभार्थ्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असा निर्णय दिला. प्रत्येक देशातील तरतूद वेगळी असली, तरी जगण्याचा आधार आधी काढून घ्यायचा आणि चौकशी नंतर करायची हे अन्यायाचे आहे, हे तत्त्व कोणत्याही कार्यालयात ठामपणे मांडता येते. एकाच कारणाने अनेक मुलींचे अर्ज फेटाळले जात असतील, तर त्या नोंदी एकत्र करून नियम करणाऱ्यांपर्यंत न्याव्यात. अनुभवी कार्यकर्ते ही नोंदवही कटाक्षाने ठेवतात. तुम्हीही क्षेत्रकार्याच्या काळापासूनच ती सवय लावून घ्या.

प्रश्न : मी शिक्षक आहे. वर्गातील एक विद्यार्थिनी गरोदर असल्याचे कळल्यापासून तिला काही काळ घरी बसवावे, असा आग्रह सहकारी धरत आहेत. इतर मुलींवर परिणाम होईल, असे त्यांचे म्हणणे आहे.

उत्तर : तिला घरी बसवू नका. ‘काही काळ’ म्हणून सुटलेली शाळा बहुतेक वेळा कायमची सुटते, आणि शिक्षण तुटले की पुढे मिळकत आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची संधीही हातची जाते. तुमच्या सहकाऱ्यांचा युक्तिवाद नवा नाही. सिएरा लिओनमध्ये २०१५ मध्ये याच कारणाने गरोदर मुलींना शाळेत येण्यास बंदी घालण्यात आली होती. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या समुदायाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ती भेदभाव करणारी ठरवली आणि मार्च २०२० मध्ये सरकारने ती उठवली. टांझानियानेही नोव्हेंबर २०२१ मध्ये बाळंतपणानंतर मुलींना शाळेत परतण्याचा मार्ग मोकळा केला. जमैकात तर १९७८ पासून एक केंद्र गरोदर मुलींचे शिक्षण चालू ठेवून प्रसूतीनंतर त्यांना पुन्हा शाळेत पाठवण्याचे काम करत आहे. इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या अल्पवयीन व तरुण पालकांना बाळाच्या पाळणाघराचा खर्च दिला जातो. मला ही तरतूद फार मोलाची वाटते, कारण शाळेचे दार उघडे असूनही बाळ कोणाकडे ठेवायचे या एका प्रश्नापाशी अनेक मुली अडतात. तुमच्या हातात आज ज्या गोष्टी आहेत त्या म्हणजे तपासणीच्या दिवशी गैरहजेरी न मांडणे, परीक्षेची तारीख बदलून देणे आणि वर्गात तिची चर्चा होऊ न देणे.

प्रश्न : अशा मुलींना पैसे दिले तर इतर मुलीही त्याच वाटेने जाणार नाहीत का?

उत्तर : ही शंका अनेकांच्या मनात असते, म्हणून तिला सरळ उत्तर देते. दक्षिण आफ्रिकेत १९९८ मध्ये बाल साहाय्य अनुदान सुरू झाल्यावर हाच आरोप झाला. तेथील मानव्य विज्ञान संशोधन परिषदेने २००६ मध्ये त्याची तपासणी केली, तेव्हा अनुदानामुळे किशोरवयीन मातृत्व वाढल्याचे आढळले नाही. पश्चिम युरोपातील अनेक देशांत अमेरिकेपेक्षा साहाय्य अधिक उदार असूनही किशोरवयीन मुलींमधील जन्मदर मात्र दीर्घकाळ अमेरिकेपेक्षा कमीच राहिला आहे. हा दर ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत : शाळेत टिकणे, शरीराविषयीचे ज्ञान, गर्भनिरोधकांची उपलब्धता, गरिबी आणि बळजबरी. मदत रोखल्याने झालेले गरोदरपण टळत नाही. फक्त बाळाच्या आणि आईच्या पोटाला चिमटा बसतो.

प्रश्न : माझ्या नात्यातील एका मुलीला बाळाच्या वडिलांचे नाव कोणालाही सांगायचे नाही. त्यामुळे तिची मदत अडेल का?

उत्तर : काही देशांत पोटगी वसूल करण्यासाठी वडिलांची ओळख सांगण्याचे सहकार्य ही रोख साहाय्याची अट असते. पण नाव सांगितल्याने आई किंवा बाळाला धोका निर्माण होणार असेल, तर सबळ कारण दाखवून सूट मागण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते. नाव न सांगण्यामागे भीती आहे, दबाव आहे की केवळ संकोच, हे तिने एखाद्या प्रशिक्षित समाजकार्यकर्तीशी एकांतात बोलणे आवश्यक आहे, आणि अर्जातील तो रकाना त्या भेटीपूर्वी कोणीही परस्पर भरू नये. तो पुरुष वयाने बराच मोठा असेल, तर ही भेट आजच ठरवा. तपासणी आणि पोषण यांच्या योजनांना ही अट बहुधा लागू नसते, तेव्हा त्यांचे अर्ज तोपर्यंत थांबवू नका.