फॉर्ममध्ये खरं लिहिलं, तर लगेच ऑपरेशन सांगतील का?

कण्याला बाजूला बाक (स्कोलिओसिस) असलेली मोठ्या वयाची माणसं हा प्रश्न वारंवार विचारतात. त्यातलीच ही एक केस. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकूंचं वय 56, घर सांभाळतात. कण्याचा बाक शाळेत असल्यापासूनचा. सर्जननी त्रास किती आहे ते मोजणाऱ्या दोन प्रश्नावल्या भरून आणायला सांगितल्या आणि तिथून झोप उडाली. "जास्त लिहिलं तर ऑपरेशन, कमी लिहिलं तर म्हणणार तुम्हाला काही झालेलंच नाही. आणि यात 'उदास वाटतं का' कशाला विचारलंय? दुखणं मनाचं ठरवायचंय का?"

मुळात फॉर्म लागतोच कशाला, एक्स-रे आहे की! तर एक्स-रेत काकूंचा बाक आधी 40 अंश होता, आता 42. मोजणीतच 5 अंशांपर्यंत इकडेतिकडे होतं, म्हणजे बाक होता तेवढाच आहे. त्रास मात्र दुप्पट. मोठ्या वयात बाजूच्या बाकाच्या अंशांवरून त्रासाचा अंदाज नीट येत नाही. शरीर पुढे किती झुकलंय याचा संबंध जास्त जवळचा. उभ्याने काढलेल्या पूर्ण कण्याच्या एक्स-रेत मानेच्या तळाच्या मणक्यापासून सरळ खाली रेघ सोडतात आणि ती माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाच्या मागच्या कोपऱ्यापासून किती पुढे पडते ते बघतात. 5 सेंमीच्या पुढे गेली की लक्ष द्यायचं. काकूंची 7 सेंमी होती. फोडणी घालताना डावं कोपर ओट्यावर टेकवावंच लागतं, हे त्यांनी सहज बोलता बोलता सांगितलं.

पहिली प्रश्नावली एसआरएस-22, म्हणजे स्कोलिओसिस रिसर्च सोसायटीची 22 प्रश्नांची. हालचाल, वेदना, स्वतःचं दिसणं आणि मन यांवर प्रत्येकी पाच प्रश्न, उपचारांच्या समाधानावर दोन. प्रत्येक उत्तराला 1 ते 5 गुण, 5 म्हणजे उत्तम. मग त्या त्या गटाची सरासरी. काकूंची वेदनेची सरासरी आली 3.8, म्हणजे बरीच बरी. समोर बसलेल्या बाईशी हा आकडा अजिबात जुळत नव्हता, म्हणून एकेक उत्तर पाहिलं.

औषधाच्या प्रश्नाला 'काही नाही', 5 गुण. प्रत्यक्षात यजमान मेडिकलमधून आणतात ती साधी वेदनाशामक गोळी रोज रात्री चालू. डॉक्टरांनी लिहून दिलेली नाही, म्हणून ती औषधात धरली नाही! तिथे 3 हवे. दुसरा प्रश्न, तीन महिन्यांत पाठदुखीमुळे कामाला किती दिवस सुट्टी. "मी कुठे नोकरी करते?" म्हणून शून्य दिवस, पुन्हा 5. या प्रश्नात घरकामही धरलेलं आहे. दर आठवड्याला एखादा दिवस पोळ्या बाहेरून येतात आणि काकू आडव्या असतात. चार किंवा जास्त दिवस म्हणजे 1 गुण. दोन उत्तरं दुरुस्त केली आणि 3.8 चे 2.6 झाले. त्यांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. इतकी वर्षं बाकाशी जुळवून घेतल्यावर माणूस त्रास मोजायचंच सोडून देतो. कपड्यांत कसे दिसता, याचंही तसंच. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला की छान, असं त्यांचं उत्तर. ब्लाउजला उजव्या खांद्यात वेगळं पॅड शिवावं लागतं, ते विचारल्यावर निघालं.

दुसरी प्रश्नावली ऑस्वेस्ट्री, कंबरदुखीने रोजच्या कामांत किती अडथळा येतो ते मोजणारी. दहा विभाग, प्रत्येकी 0 ते 5, आणि इथे जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. एसआरएसच्या बरोबर उलट, त्यामुळे घरी वाचताना गोंधळ होतोच. शिवाय ही आजच्या स्थितीबद्दल विचारते, तर एसआरएसमध्ये कुठे सहा महिने, कुठे एक महिना. शरीरसंबंधांचा विभाग काकूंनी कोरा सोडला होता. आपल्याकडे तो बहुतेक कोराच येतो, आणि त्यात गैर काही नाही, फक्त भागाकार बदलतो. त्यांचे नऊ विभागांचे 20 गुण. 45 ने भागले तर 44 टक्के, चुकून 50 ने भागले तर 40. 40 टक्क्यांपर्यंत 'मध्यम', त्यापुढे 'तीव्र'. हिशेब कुणी केलाय ते विचारायला लाजू नये.

फॉर्म आपला आपण भरावा. काकूंच्या घरी सूनबाईंनी वाचून दाखवला, आणि सुनेसमोर 'घरकाम जमत नाही' कोण म्हणणार? वाचायला अडचण असेल तर घराबाहेरच्या माणसाने शब्द न बदलता वाचावा.

मनाच्या प्रश्नांत त्यांची सरासरी 2.4 होती. यावरून दुखणं खोटं ठरत नाही. वर्षानुवर्षं दुखत असलं की मन खचतं, आणि खचलेल्या मनाला तेच दुखणं जास्त जाणवतं. मोठ्या शस्त्रक्रियेआधी हे कळलेलं बरं, कारण उदासी तशीच राहिली तर ऑपरेशन नीट होऊनही समाधान कमी मिळू शकतं.

आणि ऑपरेशन? ते नुसत्या फॉर्मच्या आकड्यावर ठरत नाही. पाय लुळा पडणं, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यांतलं काही झालं तर फॉर्म बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. काकूंना यातलं काही नव्हतं. ऑपरेशनमध्ये मणके एकमेकांना पक्के जोडतात, आणि ही जोडणी ओटीपोटाच्या हाडापर्यंत नेली तर कमरेतून वाकणं जवळजवळ जातं. मांडी घालून बसणं, भारतीय शौचालय, चप्पल घालणं, शौचानंतरची स्वच्छता हे सर्जनना आधीच नाव घेऊन विचारायचं. काकूंनी यादीत पहिलं लिहिलं, गौरी-गणपतीत पाटावर बसता येईल का.

हाडांची घनता तपासली, फिजिओथेरपी सुरू झाली, गोळी डॉक्टरांना दाखवली, उदासीवर वेगळ्या भेटी ठरल्या. सहा महिन्यांनी त्याच प्रश्नावल्या पुन्हा. एसआरएसमध्ये एक खूण एका घराने सरकली की सरासरी 0.2 ने हलते, तेवढ्याने हुरळू नये. ऑस्वेस्ट्रीत 10 टक्क्यांच्या आतला फरकही तसाच. काकूंची वेदना 2.6 वरून 3.2, ऑस्वेस्ट्री 44 वरून 33. गोळी रोजची आठवड्यावर आली. पुढचा झोक मात्र 7 सेंमीच आहे, त्यामुळे ऑपरेशनचा विषय मिटलेला नाही. वर्षाने एक्स-रे आणि फॉर्म एकाच दिवशी करायचे, असं ठरलंय.