उबंटू टाकलं पण लॅपटॉप सरळ विंडोजच उघडतो, दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल. खरंय का?

नाही भाऊ, फॉरमॅट अजिबात मारू नका. तुम्ही लिहिलंय की विंडोज ११ च्या जोडीला उबंटू (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं, इन्स्टॉल पूर्ण झालं, रिस्टार्ट केल्यावर दोघांतलं एक निवडायचा मेनू आलाच नाही. म्हणजे उबंटू डिस्कवर आहे, विंडोजही आहे, तुमचा डेटाही जिथल्या तिथे आहे, फक्त मशीन चालू होताना आधी कोणाला उठवायचं तेवढंच बिघडलंय. मी जळगावात रिपेअरिंगचं काम करतो, इंजिनिअरिंगची पोरं हाच प्रॉब्लेम घेऊन येतात आणि त्यातली कितीतरी आधी कुठेतरी फॉरमॅट मारून, प्रोजेक्ट घालवून आलेली असतात, फार वाईट वाटतं.

आधी हे बघा. लॅपटॉप बंद करून चालू करताना बूट मेनू (मशीन कशावरून चालू करायचं ती यादी) उघडा, डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एस्केप दाबून मग एफ९, एसरला एफ१२ चालतं पण ते आधी एफ२ दाबून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावं लागतं. त्या यादीत उबंटू नाव दिसलं तर निवडा, उघडलं तर काम झालं, मग बायोसमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये उबंटूला वर घ्या. एसरच्या काही मॉडेलमध्ये त्यासाठी आधी सुपरवायझर पासवर्ड टाकून उबंटूची फाइल ट्रस्टेड करावी लागते, नाहीतर ते नाव वर येतच नाही.

यादीत उबंटू नसेलच तर बहुतेक वेळा भानगड मोडची असते, म्हणजे मशीन चालू व्हायच्या पद्धतीची, नवी यूईएफआय आणि जुनी लेगसी. विंडोजमध्ये विंडोज बटण आणि आर दाबून एमएसइन्फो३२ चालवा, बायोस मोडची ओळ वाचा, तिथे यूईएफआय असणार. आता उबंटू टाकायला वापरलेला पेनड्राइव्ह लावून बूट मेनू बघा, बऱ्याच मशीनवर एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एका नावापुढे यूईएफआय लिहिलेलं असतं आणि दुसरं नुसतं कंपनीचं नाव. घाईत नुसतं नाव निवडलं की उबंटू लेगसी मोडमध्ये बसतं, विंडोज राहतं यूईएफआयमध्ये, मग दोघांची भेटच होत नाही. उपाय सोपा आहे, यूईएफआयवाल्या नावानेच पेनड्राइव्ह चालू करा, इन्स्टॉल न करता नुसतं ट्राय उबंटू घ्या, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा (वायफाय पकडत नसेल तर केबल लावून यूएसबी टेदरिंग) आणि बूट-रिपेअर नावाचं टूल टाकून रेकमेंडेड रिपेअर दाबा. पुन्हा इन्स्टॉल करायची गरज शक्यतो पडत नाही.

पण बायोसमध्ये काहीही बदलायच्या आधी एक काम कराच, कळकळीने सांगतो. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाऊंटने लॉगिन असेल तर डिस्क एन्क्रिप्शन (डेटाला लागलेलं कुलूप) बऱ्याचदा आपोआप चालू झालेलं असतं, बायोसमधल्या सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सेटिंगला हात लावला की पुढच्या वेळी ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते आणि ती नसेल तर डेटा खरोखरच गेला समजा. ती की अकाऊंटवर सहसा सेव्ह असते, आधी वहीत लिहून घ्या. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंदच होत नाही आणि उबंटूतून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

आणि पार्टिशन छोटं-मोठं करायचं असेल तर बॅटरी फुल आणि चार्जर लावलेलाच ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल नेम नाही, बॅटरी उतरलेल्या लॅपटॉपवर मधेच लाइट गेली तर डेटा जाऊ शकतो. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हे काम करूच नका.

दोन्ही चालू झाल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका, उबंटू घड्याळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतं आणि विंडोज तोच आकडा भारताचा समजतं, उबंटूत लोकल टाइमची सेटिंग केली की जुळतं.

एवढं करूनही उबंटू दिसलं नाही तर बूट मेनूचा फोटो आणि ती बायोस मोडची ओळ इथे टाका, बघून सांगतो.